वितळलेलं पान

गोठवलेलं पान खलात कुटताना दुसरीकडे लक्ष द्यायचं नाही, हे प्रयोगशाळेतल्या बाईंनी आजवर प्रत्येक नवख्याला बजावलं होतं. पूड वितळली, की पानातलीच एन्झाइम्स रायबोसोमच्या आरएनएचा फडशा पाडतात. आणि आज बाईंच्याच नमुन्यात तपासणीच्या जेलवर शाबूत आरएनएच्या दोन ठसठशीत पट्ट्यांऐवजी नुसता धुरकट ओघळ उमटला.

“कुटता कुटता फोनवर बोलत बसलात म्हणे?” विभागप्रमुख तडकले. “एवढा कुणाचा जिवाभावाचा फोन?”

“राँग नंबर होता, सर.”

“मग तसं सांगून फोन ठेवायचा ना लगेच!”

बाई रिकामा खल पुसत राहिल्या.

“ठेवणारच होते. पण फोन उचलल्या उचलल्या पलीकडच्या आजींनी विचारलं, ‘जेवलीस का गं?’”