पोहे आणि मॅनेजर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत ऋजुताला पाहायला गेलो, तेव्हा पोह्यांआधीच वाद रंगला होता. त्यांच्या लाडक्या फुटबॉल क्लबचा जुना मॅनेजर प्रतिस्पर्धी क्लबला जाऊन मिळाल्याची जखम त्या घरात अजून ओली होती.

"गद्दार आहे तो!" तिचे बाबा गरजले.

"बाबा, प्लीज! रेलिगेशनमधून, खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून, त्यानेच वाचवलं आपल्याला," ऋजुता उसळली.

बाबा माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा हो, कोण बरोबर?"

ती मला पाहताक्षणीच आवडली होती. बाबांना दुखावलं, तर सारंच संपणार होतं. तरीही माझ्या अबोल ओठांतून खरं तेच निसटलं, "ऋजुता."

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

 

"शाबास, जावईबापू! आधी हिला पाहायला आलेले दोघे मला खूश करायला माझ्याच बाजूने बोलले. अहो, गद्दार म्हणतो ते वरवरचं; तो क्लब सोडून गेला, त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नव्हतो!"