पाळी बदलताना

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली, तरी इचलकरंजीच्या सूतगिरणीत ते पडद्यावर रोज पाळीला हजर असत. कामगाराच्या मनाची नक्कल यंत्रात उतरवलेली असायची, आणि तो मेला तरी त्याला कामावरून काढायला कायद्यानं बंदी होती. त्या कायद्यासाठी अण्णांनीच लाठ्या खाल्ल्या होत्या. आता जागाच रिकामी होत नव्हती, अन् गावातली तरणीताठी पोरं घरी बसून होती.

त्यांची लेक वैजयंता पडद्यासमोर आली.

“पोरी, अजून नोकरी न्हाई?” अण्णांनी विचारलं. “माझीच जागा आडवी येती व्हय?”

तिला रडू फुटलं. “तुम्ही जागा सोडली की तुम्हाला पुसून टाकत्यात, अण्णा.”

“मग काय झालं? तू तोंडानं म्हण, मी सोडतो.”

गिरणीची रीतच होती. पुढच्या पाळीचं माणूस ‘जावा आता, मी हाय’ म्हणाल्याशिवाय आधीचा कामगार जागचा हलत नसे.

वैजयंता ते इतकं हळू म्हणाली, की त्यांना ऐकूच जाऊ नये. पण गिरणीच्या खडखडाटातही डबा घेऊन आलेल्या लेकीची हाक अण्णांना कधी चुकली नव्हती. आजही चुकली नाही.