खिशातला तीळ

मधुमेह नवराबायको दोघांनाही होता. रोज सकाळी शामलाबाई दोघांची लघवी निळ्या औषधात घालून काचेच्या नळ्या स्पिरिटच्या दिव्यावर धरत. साखर नसली की रंग निळाच राही, थोडी असली की हिरवट, फार असली की विटेसारखा लाल होई. त्यांची स्वतःची नळी नेहमी निळी. रमाकांतरावांची मात्र थंडी सुरू झाल्यापासून लाल.

"दफ्तरातून येताना नई सडकेवर तिळगुळाची कुरकुरीत गजक खाता ना? खरं बोला."

"नाही गं खात."

"मग ही साखर काय आभाळातून पडली?"

शामलाबाईंनी गूळसाखरेच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. रमाकांतरावांच्या कोटाचे खिसे रोज उलटे करून पाहिले. तीळ काही सापडला नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढला.

अखेर एकदा जेवताना रमाकांतराव मान वर न करता म्हणाले, "राजधानी इथून भोपाळला गेली, आता आमचं सरकारी दफ्तरही तिकडेच चाललंय. मला जावंच लागेल. आईंना सोडून तू येशील का, हे विचारायचा धीर होत नव्हता."

शामलाबाईंची आई मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली होती. शामलाबाईंनी पुढ्यातलं ताट तसंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांतरावांच्या नळीचा रंग हिरवट झाला होता. लाल झाली होती ती शामलाबाईंची.

रात्री तर घासही पोटात गेला नव्हता; मग ही साखर काळजीचीच. शामलाबाईंनी कमरेची किल्ली काढून रमाकांतरावांच्या हातात दिली.