मुठीतला अंगठा

"घरपट्टीचा अर्ज आहे आई, इथे फक्त सही कर." मुलाने पेन हातात दिलं. मोतीबिंदूमुळे मला ओळी नुसत्या पुसट दिसत होत्या.

एकदम चांगुणा आठवली. तीस वर्षांपूर्वी मी वकिली सांभाळून तिच्या कातकरी वाडीवर बायकांना कायदा शिकवायला जायचे. "कागद कुणी वाचून दाखवेपर्यंत अंगठा मुठीत ठेवायचा," हा पहिला धडा. तो संपल्यावर मी हजेरीवही पुढे केली, तर चांगुणाने मूठ उघडलीच नाही. "आधी वाचून दाखव ना, बाय!" चिंचेखाली केवढ्या हसलो होतो आम्ही!

मी पेन खाली ठेवलं. अंगठा आपोआप मुठीत गेला.

"आधी वाचून दाखव," मी म्हणाले.

मुलाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.