ओल्या चादरी

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीतून ओल्या चादरी जायला लागल्या आणि कंत्राट हातचं जायची वेळ आली. तेव्हा मालकांनी सुपरवायझरबाईंना मीटिंगा कशा घ्यायच्या ते शिकायला धाडलं. 'प्रश्न विचारा आणि गप्प बसा', एवढं त्या शिकून आल्या.

बाईंनी सगळ्यांना खुर्च्या ओढून गोल बसवलं. "चादरी ओल्या का राहतात? तुम्हाला काय वाटतं?"

सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बाईंचं डोकं तापलं. 'कामचुकार आहात एकजात', हे अगदी ओठांवर आलेलं त्यांनी कसंबसं गिळलं.

शेवटी इस्त्रीवाल्या मावशीच वैतागल्या. "बाई, काय ठरलंय ते सांगून टाका ना. उगाच विचारल्यासारखं कशाला करता?"

"काही ठरलेलं नाही, मावशी. मला खरंच कळत नाहीये."

मावशींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मग ऐका. संध्याकाळी तुमची पाठ वळली की मालक येतात आणि ड्रायर अर्ध्यातच बंद करायला लावतात. म्हणे, बिल फार येतं."

इतक्यात दार धाडकन उघडलं. मालकच होते. "झाली का नाही तुमची चर्चा? चूक कोणाची ते नाव सांगा, आजच्या आज घरी बसवतो!"

बाई उठल्या. त्यांनी एक रिकामी खुर्ची गोलात ओढली.

"बसा साहेब. आत्ताच त्या नावापर्यंत आलो होतो."