भरकटलेला कर्सर

पेन आईच्या डोळ्यावर टेकवलं, की रेघ गालावर उमटायची. वर्षश्राद्धासाठी आईचं चित्र टॅबलेटवर रंगवणाऱ्या चारुताला त्या भरकटणाऱ्या कर्सरचा वैताग आला.

"ताई, दोन स्क्रीन जोडल्यास ना? पेन दोन्हींवर पसरतंय, टॅबलेट एकाच स्क्रीनला लाव," म्हणत धाकट्या भावाने सेटिंग बदललं. कर्सर मुकाट्याने पेनाच्या टोकाखाली आला. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता आईला जरा गोरी कर," तो म्हणाला. "चारचौघं येणार आहेत."

रंगावरूनच आजीने आईला जन्मभर टोमणे मारले होते, हे त्यालाही ठाऊक होतं. चारुताने पेन खाली ठेवलं.

"तू आधी इथून चालता हो," ती म्हणाली.

दार लावून तिने आईचा काळासावळा चेहरा रंगवला, अगदी होता तसा.