यंत्रात अठ्ठ्याण्णव

कडूबाईनं बबिताची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. आत लाली नावालाही नव्हती. पापणी पांढरीफटक.

आता कुणी म्हणेल, दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या परक्या सुनेची पापणी ओढायची हिला काय गरज? पण चाळीस वर्षं शेळ्या राखलेल्या हाताला ते वळणच पडलं होतं. दमलेलं जनावर दिसलं की आधी डोळा बघायचा. जंतांनी रक्त पिलं असलं की पापणी आतून पांढरी पडते. मग शेळी कितीही चरत असो, तिचा भरवसा धरायचा नाही.

“म्याडम म्हनल्या सगळं ठीक हाय,” बबिता धापा टाकत म्हणाली. “बोटाला यंत्र लावलं, अठ्ठ्याण्णव आलं. उन्हानं दम लागत आसंल म्हनल्या.”

आत ऊसतोडीला निघालेल्या बायकांची तपासणी चालली होती. बाहेर बबिताचा नवरा जीवन टेम्पोत बिछाना बांधत होता. तासाभरात गाडी हलणार, आणि मग सहा महिने कोयता.

कडूबाईची पंचाईत वेगळीच होती. म्याडम म्हणजे तिचीच लेक, शिवकन्या. शेळ्या राखणाऱ्यांच्या घरातली इतकी शिकलेली पहिली पोर. तीन आठवड्यांपूर्वी ती या उपकेंद्रावर रुजू झाली, तेव्हापासून कडूबाईचे पाय जमिनीवर नव्हते. पण ‘ही काय औषध देनार?’ म्हणून नाकं मुरडणाऱ्याही होत्या, आणि त्यांची म्होरकी सावित्रीबाई आत रांगेतच बसली होती. आईनंच चारचौघींत चूक काढली तर लेकीची अब्रू जाणार. गप्प बसलं तर ही पोर उसाच्या फडातच आडवी होणार.

कडूबाई दाराशी घुटमळली. मग बबिताचा हात धरून तरातरा आत शिरली.

“शिवे, हिला जाऊ देऊ नगंस. हिच्यात रक्त न्हाई.”

“माय, यंत्रात अठ्ठ्याण्णव आलंय,” शिवकन्या कानकोंडी होऊन म्हणाली. “ही काय शेळी हाय का?”

बायका फिदीफिदी हसल्या.

“शेळी आसती तर तुला इचारायला आलेच नसते मी.”

शिवकन्येचा चेहरा पडला. पण ती उठली. बबिताला खिडकीपाशी उजेडात नेऊन तिनं पापणी ओढली, आणि तिच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. हिमोग्लोबिनचा आकडा आला पाच. हवा होता बारा.

कडूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्र बिघडलंय म्हणून शिवकन्येला सहज निभावून नेता आलं असतं. यंत्र थोडंच उलटून बोलणार होतं?

“माझं चुकलं,” शिवकन्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “रक्त छातीतून प्राणवायू उचलतं, अंगभर पोचवतं, आन् येताना अंगातला कार्बन डायऑक्साइड परत छातीत आणून सोडतं. प्राणवायू वाहायचं काम रक्तातल्या हिमोग्लोबिनचं. यंत्र एवढंच सांगतं, की हाय तेवढं हिमोग्लोबिन भरून चाललंय. मुळात हाय किती, ते यंत्राला कळत न्हाई.”

जीवन दारात येऊन उभा होता. “म्हंजी गाड्या भरून चालल्यात, पन गाड्याच कमी?”

“अगदी तसंच, दादा. आन् मी गाड्या मोजल्याच न्हाईत. हिला आत्ताच्या आत्ता बीडला न्यायचं. रक्त चढवावं लागंल.”

जीवन बिछाना सोडायला पळाला. सावित्रीबाईला मात्र आयतंच सापडलं.

“बघा गं बायांनो! खरी डाक्टरीन तर कडूबाईच निघाली!”

बायकांनी माना डोलावल्या. कडूबाईनं पदर खोचला. तिची मान आता ताठ झाली होती आणि डोळे भरून आले होते.

“डोळा बघनाऱ्या बाया गावात छप्पन्न हायत, सावित्रीबाई. चारचौघींत ‘माझं चुकलं’ म्हननारी डाक्टरीन एकच हाय, आन् ती माझ्या पोटची हाय!”